मंत्रांवरील सवलतीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला दीर्घ लेख मी दोनदा वाचला. कागद, पेन्सिल, निरनिराळ्या आकारांचे फासे आणि चार-पाच जणांची कल्पनाशक्ती एवढ्याच भांडवलावर चालणाऱ्या या खेळाला दैनिकात एवढी जागा मिळाली, याचा आनंद आहेच. परंतु लेखाच्या उत्तरार्धात उच्च पातळीच्या पात्रांबद्दल जे मत मांडले आहे, ते मला पटलेले नाही. लेखकांचे म्हणणे असे की, पात्रे बाराव्या-पंधराव्या पातळीच्या पुढे गेली की नियमांत नवे काही उरत नाही, नुसते आकडे फुगतात. मंत्र टाकणारी पात्रे आवाक्याबाहेर जातात. म्हणून गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने, एक तर सर्व मंत्रांनी होणारे नुकसान निम्म्यावर आणावे, नाही तर मोहीम दहाव्या पातळीलाच आटोपती घ्यावी. गेम मास्टरच्या खुर्चीत मी बरीच वर्षे काढली आहेत आणि त्यातला मोठा काळ याच उच्च पातळ्यांवर गेला आहे. त्या अनुभवावरून मला हा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा वाटतो.

हा खेळ, म्हणजे मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्स, न खेळलेल्या वाचकांसाठी दोन संज्ञांचा खुलासा आधी करणे भाग आहे. ‘फीट’ या शब्दाचा लांबी मोजण्याच्या फुटांशी संबंध नाही. पराक्रम किंवा खास हातोटी या अर्थाने तो येथे वापरतात. पात्राची पातळी वाढत असताना ठरावीक टप्प्यांवर खेळाडू एकेक फीट निवडतो आणि ती त्या पात्राला कायमची चिकटते. मंत्राचे तसे नसते. मंत्र टाकण्यासाठी ‘स्लॉट’ खर्च करावा लागतो, स्लॉट दिवसाला मोजकेच असतात आणि विश्रांतीनंतर ते पुन्हा भरतात. इंग्रजी नियमपुस्तकांनी पात्राच्या आणि मंत्राच्या अशा दोन्ही मोजमापांना ‘लेव्हल’ हा एकच शब्द वापरून नवख्यांचा जो गोंधळ उडवून दिला, तो अर्धशतक चालला आहे, कारण पाचव्या पातळीचा विझार्ड, म्हणजे पोथीतून मंत्र शिकणारा जादूगार, पाचव्या नव्हे तर तिसऱ्या श्रेणीचे मंत्र टाकतो. त्याच जातीच्या पाथफाइंडर या खेळाने २०२३ च्या सुधारित पुस्तकांत मंत्रांसाठी अखेर ‘रँक’ हा वेगळा शब्द घेतला. मराठीत आपल्याकडे पातळी आणि श्रेणी असे दोन चांगले शब्द आयतेच आहेत. या पत्रात मी पात्रासाठी पहिला आणि मंत्रासाठी दुसरा वापरतो आहे.

आता मूळ मुद्दा. उच्च पातळीवरचा खेळ बिघडतो तेव्हा मंत्र फार जोरदार असतो म्हणून तो क्वचितच बिघडतो. प्रत्येक मोठ्या मंत्राला नियमांनी काही ना काही किंमत लावून ठेवलेली असते, आणि ती किंमत कमी करणारी एखादी फीट किंवा वैशिष्ट्य पात्राच्या हाती लागले की घडी विस्कटते. फीटचे त्यामुळे दोन अगदी वेगळे प्रकार पडतात. काही फीट पात्राला नवे काही करू देतात. दुसऱ्या काही फीट पात्र आधीपासून करत असलेली गोष्ट स्वस्तात करू देतात. पहिल्या प्रकाराने खेळ मोडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दुसऱ्या प्रकाराने तो अनेकदा मोडला आहे, आणि नियमपुस्तकांच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्या बारकाईने वाचल्या तर त्यांच्या कर्त्यांनाही हेच हळूहळू उमगत गेल्याचे दिसते.

किंमत कशाकशात वसूल केली गेली, हे पाहण्यासारखे आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली पुस्तके १९७४ साली आली तेव्हा जादूगारांचे मंत्र सहाव्या श्रेणीपर्यंतच होते. सातवी, आठवी आणि नववी श्रेणी १९७५ च्या पुरवणी पुस्तकाने जोडली आणि कोणतीही इच्छा पूर्ण करणारा ‘विश’ हा मंत्रही तेव्हाच अवतरला. पुढे दुसऱ्या आवृत्तीत विश टाकणाऱ्याचे वय एकदम पाच वर्षांनी वाढत असे, तर ‘हेस्ट’ या वेग वाढवणाऱ्या मंत्राने ज्याच्यावर तो टाकला त्याचे वय एक वर्षाने वाढत असे. म्हणजे किंमत आयुष्यात मोजायची. कल्पना म्हणून ती मला आजही आवडते. पण शेकडो वर्षे जगणाऱ्या एल्फला पाच वर्षांचे काय, असा प्रश्न पहिल्याच मोहिमेत कोणीतरी विचारतो आणि त्याला उत्तर नसते. तिसऱ्या आवृत्तीने वय सोडून, ज्यांच्या साठ्यावर पात्राची पातळी वाढते त्या अनुभवगुणांना हात घातला आणि एका विशला पाच हजार अनुभवगुण खर्ची पडू लागले. येथेही गंमत अशी की, त्याच आवृत्तीत मागे राहिलेल्या पात्राला पुढच्या चकमकीत सोबत्यांपेक्षा जास्त अनुभवगुण मिळत, त्यामुळे झालेली तूट बऱ्याच अंशी आपोआप भरून निघे. पाचव्या आवृत्तीने निराळीच वाट धरली. आठव्या किंवा त्याखालच्या श्रेणीच्या मंत्राची नक्कल करण्यापुरता विश वापरला तर काही होत नाही. त्यापलीकडचे काही मागितले, तर तो मंत्र पुन्हा कधीच टाकता न येण्याची शक्यता ३३ टक्के. मला ही किंमत सर्वांत नेमकी वाटते, कारण ती कोणत्याही फीटने कमी होत नाही.

फीट ही सोय खेळात आली २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर. प्रत्येक पात्राला पहिल्या पातळीला एक आणि त्यानंतर दर तिसऱ्या पातळीला एक, अशा विसाव्या पातळीपर्यंत सात फीट मिळत. फायटरला, म्हणजे शस्त्राने लढणाऱ्या पात्राला, त्याच्या वर्गामुळे (पेशामुळे) आणखी अकरा. एकूण अठरा फीट म्हणजे कागदावर तरी भरघोस वाटतात. आता त्यांतल्या एकीची वाट पाहू. ‘व्हर्लविंड अटॅक’ या फीटने फायटरला आपल्या आवाक्यातल्या सर्व शत्रूंवर एकाच वेळी प्रत्येकी एक वार करता येतो. ती मिळवण्यासाठी आधी कॉम्बॅट एक्सपर्टीज, डॉज, मोबिलिटी आणि स्प्रिंग अटॅक या चार फीट पदरात असाव्या लागतात, शिवाय चपळाई आणि बुद्धी दोन्ही किमान १३. म्हणजे पाच फीट खर्चून हाताच्या अंतरावरच्या सर्वांना एकेक तडाखा. विझार्ड पाचव्या पातळीला ‘फायरबॉल’ शिकतो आणि एका स्लॉटमध्ये वीस फूट त्रिज्येतले सगळे भाजून काढतो. शिवाय दुसऱ्या पातळीपासून विसाव्यापर्यंत त्याच्या मंत्रपोथीत काहीही न करता ३८ मंत्रांची भर पडते, सापडलेल्या गुंडाळ्यांवरून उतरवून घेतलेले वेगळेच, आणि त्यांतले कोणते बरोबर न्यायचे हे तो रोज सकाळी नव्याने ठरवू शकतो. फायटरची चुकलेली फीट मात्र जन्मभर चुकलेलीच राहते.

एवढे वाचून आपल्या लेखकांचे म्हणणे खरे वाटेल. तरीही मी म्हणतो की दोष फायरबॉलचा नाही. तिसऱ्या आवृत्तीतला फायरबॉल दहाव्या पातळीला दहा फाशांवर पोहोचतो आणि तेथेच थांबतो. सरासरी ३५ गुणांचे नुकसान, बस्स. अठराव्या पातळीच्या राक्षसाला तो ओरखडा असतो. खरा खेळ सुरू होतो मेटामॅजिक या, मंत्रात फेरफार करणाऱ्या फीटच्या कुटुंबापासून. ‘मॅक्सिमाइझ स्पेल’ घेतली की फासे टाकावेच लागत नाहीत, प्रत्येक फाशावर सहा धरायचे, म्हणजे सरळ ६० गुण. मात्र मंत्र तीन श्रेणी वरच्या स्लॉटमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे तिसऱ्याऐवजी सहाव्या. ‘एम्पॉवर स्पेल’ने नुकसान दीडपट होते आणि स्लॉट दोन श्रेणींनी वर जातो. हा सौदा बराचसा प्रामाणिक आहे. याचे कारण असे की, शत्रूला मंत्र चुकवण्यासाठी फाशावर जो आकडा गाठायचा असतो तो मंत्राच्या मूळ श्रेणीवरून ठरतो, वापरलेल्या स्लॉटवरून नव्हे. दहा अधिक मंत्राची श्रेणी अधिक बुद्धीचा लाभांक, असे त्याचे गणित. लाभांक पाच धरला तर सहाव्या स्लॉटमधला मॅक्सिमाइझ केलेला फायरबॉलही अठराचाच आकडा मागतो, तर खऱ्याखुऱ्या सहाव्या श्रेणीचा मंत्र एकवीस मागतो. जास्त नुकसान हवे तर जास्त चुकण्याची तयारी ठेवा, असा हा व्यवहार.

याच कुटुंबातली ‘क्विकन स्पेल’ मात्र वेगळ्या जातीची आहे. तिची किंमत सर्वांत जबर, स्लॉट चार श्रेणींनी वर. पण ती नुकसान वाढवत नाही, वेळ वाचवते. एका फेरीत पात्राला एकच मंत्र टाकता येतो, या खेळातल्या सर्वांत मोलाच्या मर्यादेवर ती सूट देते. अशा फेरीत एक नेहमीचा आणि एक क्विकन केलेला असे दोन मंत्र पडतात. नियमकर्त्यांनी चार श्रेणींचा बोजा लादला तो उगाच नव्हे. नववी ही शेवटची श्रेणी असल्यामुळे पाचव्या श्रेणीच्या वरचा कोणताही मंत्र क्विकन करणे विसाव्या पातळीपर्यंत शक्यच नसते, कारण सहाव्या श्रेणीच्या मंत्राला दहावा, तर नवव्याला तेरावा स्लॉट लागेल आणि तसे स्लॉट अस्तित्वातच नाहीत.

विसाव्या पातळीपलीकडचे नियम २००२ साली स्वतंत्र पुस्तकात आले आणि तेथे ही भिंत पडली. एकविसाव्या पातळीपासून पात्र ‘एपिक’ होते आणि दर तीन पातळ्यांनी एपिक फीट मिळते. ‘इम्प्रूव्हड स्पेल कपॅसिटी’ या फीटने नवव्याच्या वर एक श्रेणीचा एक स्लॉट मिळतो. ती चार वेळा घेतली की तेरावा स्लॉट हाती येतो. येथवर ठीक होते, कारण चार एपिक फीट ही मोठी रक्कम आहे. पण शेजारीच ‘इम्प्रूव्हड मेटामॅजिक’ नावाची फीट ठेवलेली आहे. ती पात्राच्या सर्व मेटामॅजिक फीटचा बोजा एका श्रेणीने कमी करते, पुन्हा पुन्हा घेता येते, आणि बोजा किमान एक श्रेणी तरी राहावा एवढेच तिच्यावर बंधन आहे. तीनदा घेतली की क्विकन चार श्रेणींऐवजी एका श्रेणीत मिळते. कोणताही नवा मंत्र आला नाही, कोणाच्या नुकसानात एका गुणाची भर पडली नाही, आणि तरीही पुढच्या मोहिमेची रचना कोसळली. जोडीला ‘ऑटोमॅटिक क्विकन स्पेल’ आहेच. तिच्यामुळे तिसऱ्या श्रेणीपर्यंतचे मंत्र वरच्या श्रेणीचा स्लॉट न देताच क्विकन होतात. सवलतीवर सवलत.

याच पुस्तकातला एपिक मंत्र रचण्याचा भाग मला अजूनही मोह घालतो, हे कबूल करतो. ‘एपिक स्पेलकास्टिंग’ ही फीट घेण्यासाठी नवव्या श्रेणीचे मंत्र टाकता यावे लागतात आणि दोन विद्यांत चोवीस-चोवीस गुण असावे लागतात. मग खेळाडूने चोवीस बीजांमधून हवी ती बीजे निवडायची, त्यांना जोडण्या द्यायच्या आणि स्वतःचा मंत्र घडवायचा. बीज येथे फार सुंदर शब्द आहे, कारण बीजमंत्राची कल्पना आपल्या भाषेला नवी नाही. प्रत्येक बीजाने आणि जोडणीने मंत्राचा अंतिम काठिण्यांक वाढत जातो. त्या आकड्याला नऊ हजारांनी गुणले की मंत्र सिद्ध करण्याचा खर्च सोन्याच्या नाण्यांत निघतो, दर पन्नास हजार नाण्यांमागे एक दिवस लागतो, आणि खर्चाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे अनुभवगुण जातात. काठिण्यांक ५० आला तर साडेचार लाख नाणी, नऊ दिवस आणि अठरा हजार अनुभवगुण. किंमत भरभक्कम आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याच प्रकरणात काठिण्यांक उतरवण्याचे मार्ग दिले आहेत. सहभागी झालेल्या दुसऱ्या मांत्रिकाने नवव्या श्रेणीचा एक स्लॉट वाहिला की आकडा सतराने खाली येतो. असे तीन सहकारी मिळाले की एकावन्न कमी झाले, पन्नासाचा मंत्र शून्याखाली गेला, आणि शून्याला नऊ हजारांनी गुणले तरी उत्तर शून्यच येते. साडेचार लाखांचा मंत्र तीन मित्रांच्या एका दिवसाच्या मदतीवर फुकट. तयार झालेल्या प्रत्येक मंत्राला शेवटी गेम मास्टरची मंजुरी हवी, असे पुस्तकाने सांगून ठेवले आहे. पण गणिताने केलेली चूक माणसाच्या नकाराने झाकायची, हा नियम नव्हे, ही पळवाट बुजवण्यासाठी दिलेली विटांची पाटी आहे.

नुकसान निम्मे करण्याचा उपाय मी स्वतः करून पाहिला आहे, म्हणून त्याबद्दल चार ओळी. तिसऱ्या आवृत्तीच्या ३.५ या सुधारित रूपाच्या नियमांवर आमची मोहीम अठराव्या पातळीला पोहोचली होती. विझार्ड चालवणारा खेळाडू दर फेरीला दोन मंत्र टाकत होता आणि फायटर चालवणारी खेळाडू आपली पाळी येईपर्यंत फाशांचे मनोरे रचत बसत होती. मी जाहीर केले की यापुढे मंत्रांचे नुकसान निम्मे. पुढच्याच बैठकीला विझार्डने नुकसान करणारे सगळे मंत्र घरी ठेवले आणि ‘फोर्सकेज’ आणला. या सातव्या श्रेणीच्या मंत्राने शत्रू अदृश्य बलाच्या पिंजऱ्यात कोंडला जातो. नुकसान काहीच नाही, आणि त्या आवृत्तीत त्याला चुकवण्याची फेकही नाही. दीड हजार नाण्यांचे माणकाचे चूर्ण खर्ची पडते, पण त्या पातळीला तेवढे नाणे पिशवीच्या तळाशी सापडते. मुख्य खलनायक पहिल्या फेरीत पिंजऱ्यात गेला आणि उरलेल्यांना क्विकन केलेल्या मंत्रांनी आवरले. माझ्या फर्मानाने विझार्ड दुबळा झाला नाही. झाली ती फक्त त्याच्या बाजूला बसलेल्या, साधा अग्निगोळा फेकण्यात आनंद मानणाऱ्या सॉर्सररला, म्हणजे उपजत जादू असलेल्या पात्राला, शिक्षा. शेवटी फर्मान मागे घेतले आणि क्विकन दिवसातून दोनदाच वापरता येईल, एवढीच मर्यादा ठेवली. ती सूचना, सांगायला हवे, त्या विझार्डच्या खेळाडूचीच होती. फाशांचे मनोरे त्यानंतर दिसले नाहीत.

चौथ्या आवृत्तीने, २००८ साली, सर्वच वर्गांना एकाच साच्याच्या शक्ती आणि तीस पातळ्यांत अठरा फीट देऊन हा प्रश्न मुळातच पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. तो फसला असे मी म्हणणार नाही, पण त्यात विझार्ड आणि फायटर यांच्या हाताची चव एकसारखी झाली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीकडे आपल्या लेखाने सर्वांत कमी लक्ष दिले आहे आणि खरी सुधारणा तर तेथेच आहे. तिसऱ्या आवृत्तीचा विसाव्या पातळीचा विझार्ड पहिल्या ते नवव्या प्रत्येक श्रेणीचे चार-चार, म्हणजे छत्तीस स्लॉट बाळगून असे, तल्लख बुद्धीमुळे मिळणारे जादा वेगळेच. पाचव्या आवृत्तीत ही संख्या सगळी मिळून बावीस आहे. मेटामॅजिक फीटच्या यादीतून काढून सॉर्सरर या एका वर्गाच्या हाती दिले आणि त्याला पातळीइतक्याच गुणांचे मोजके भांडवल दिले. सर्वांत मोठा बदल म्हणजे एकाग्रता. दीर्घकाळ टिकणाऱ्या बहुतेक प्रभावी मंत्रांना एकाग्रता लागते, एका वेळी असा एकच मंत्र धरून ठेवता येतो, आणि घाव बसला की शरीरबळाची फेक करून तो सांभाळावा लागतो. गाठायचा आकडा दहा किंवा नुकसानाच्या निम्मा, यांतला जो मोठा असेल तो. येथे किंमत वयात नाही, नाण्यांत नाही, ती दर फेरीला एकाग्रतेच्या रूपाने मोजावी लागते. मंत्रव्यवस्थेवर गेल्या पन्नास वर्षांत सुचलेली ही सर्वांत हुशार तरतूद आहे, असे माझे मत आहे.

आणि तरीही सवलतीची फीट येथेही आहेच. ‘रेझिलियंट’ फीट शरीरबळासाठी घेतली, तर सतराव्या पातळीपासून त्या फेकीत सहाची भर पडते. शरीरबळ सोळा असेल तर त्याचे तीन. एकूण नऊ. फाशावर एक पडला तरी बेरीज दहा होते, आणि या आवृत्तीत बचावाच्या फेकीत एक पडला म्हणून आपोआप हार होत नाही. म्हणजे एकवीस गुणांपर्यंतचा कोणताही घाव अशा पात्राची एकाग्रता मोडूच शकत नाही. त्यावर ‘वॉर कास्टर’ घेतली तर मोठ्या घावांसाठी दोन फासे टाकून चांगला निवडता येतो. दोन्ही फीट दिसायला सौम्य, संरक्षणात्मक. कोणी गेम मास्टर त्यांच्याकडे संशयाने पाहत नाही. पाहायला हवे, असे मी म्हणेन. बंदी घालू नये, पण लहान बाणांचा वर्षाव करून अशा विझार्डची एकाग्रता मोडेल या भ्रमात राहू नये. एकच जबर घाव अधिक उपयोगी पडतो.

२०२४ मध्ये या आवृत्तीची सुधारित पुस्तके आली. त्यांत कोणत्या जागा शिवल्या आहेत ते पाहिले तर माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. आधी अठराव्या पातळीच्या विझार्डला ‘स्पेल मास्टरी’मुळे पहिल्या श्रेणीचा एक आणि दुसऱ्या श्रेणीचा एक मंत्र स्लॉटशिवाय हवा तितक्या वेळा टाकता येई, बहुतेक जण त्यात ‘शील्ड’ निवडत आणि दर फेरीला फुकट ढाल उभी करत. आता निवडलेला मंत्र पूर्ण कृती घेणारा असावा लागतो, त्यामुळे प्रतिक्रिया म्हणून टाकायचा शील्ड त्यातून बाद झाला. शील्ड मंत्राचा जोर कमी केलेला नाही, सवलत तेवढी काढली. आधी फायटरच्या दोन पातळ्या घेतलेला विझार्ड ‘अॅक्शन सर्ज’च्या बळावर एका पाळीत दोन मोठे मंत्र टाकत असे, आता त्या जादा कृतीतून जादू करता येत नाही आणि एका पाळीत एकाच मंत्रासाठी स्लॉट खर्च करता येतो. ‘सिम्युलाक्रम’ने बनवलेली बर्फाची प्रतिकृती विशच्या आधारे स्वतःची प्रतिकृती बनवी, ती आणखी एक, अशी साखळी नियमांत बसत होती, आता प्रतिकृतीला सिम्युलाक्रम हा मंत्रच टाकता येत नाही. दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडणाऱ्या ‘काउंटरस्पेल’मध्येही किंमत कोणी मोजायची याचाच फेरविचार दिसतो: मंत्र हाणून पाडला गेला तरी टाकणाऱ्याचा स्लॉट आता वाया जात नाही. आणि एकोणिसाव्या पातळीला सर्वांना जे एपिक वरदान मिळते, त्यातले ‘बून ऑफ स्पेल रिकॉल’ बघा. पहिल्या ते चौथ्या श्रेणीचा स्लॉट वापरला की चार बाजूंचा फासा टाकायचा. स्लॉटच्या श्रेणीइतकाच आकडा पडला तर तो खर्च होत नाही. चारांत एकदा सूट, तीही खालच्या श्रेणींना. भस्मासुराचा अनुभव असलेल्यांनी दिलेले हे वरदान आहे.

पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हेच वेगळ्या तऱ्हेने साधले. तेथे जवळजवळ प्रत्येक पातळीला कोणती ना कोणती फीट मिळते, पण वर्गाच्या, कौशल्याच्या, वंशाच्या आणि सर्वसाधारण अशा फीटचे खिसे वेगळे आहेत आणि एका खिशातले दुसऱ्यात सहसा घालता येत नाही. तेथलीही एक मंत्र लवकर टाकू देणारी फीट आहे, दहाव्या पातळीची. ती दिवसातून एकदाच चालते आणि पात्राच्या सर्वोच्च श्रेणीपेक्षा निदान दोन श्रेणी खालच्या मंत्रालाच लागू होते. तिसऱ्या आवृत्तीच्या क्विकनशेजारी ती ठेवून पाहावी. जे मला माझ्या टेबलावर एका खेळाडूने शिकवले, ते तेथे छापून आले आहे.

म्हणून उच्च पातळीची मोहीम चालवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, पात्रपत्रिका हातात घेतल्यावर मंत्रांच्या यादीआधी फीटची यादी वाचावी आणि प्रत्येक फीटसमोर एक प्रश्न लिहावा: ही कोणत्या किमतीवर सूट देते, वेळेच्या, स्लॉटच्या, एकाग्रतेच्या की जोखमीच्या? एकाच किमतीवर दोन सवलती एकत्र आलेल्या दिसल्या, तर खेळाडूशी मोहीम सुरू होण्याआधी बोलावे, नवव्या श्रेणीचा मंत्र पडल्यानंतर नव्हे. पाचव्या आवृत्तीतल्या बलाढ्य राक्षसांना दिवसातून साधारण तीनदा फसलेली फेक यशस्वी ठरवण्याचा जो ‘लेजेंडरी रेझिस्टन्स’ मिळतो, तो मला या तुलनेत आळशी उपाय वाटतो. खेळाडूचा दिवसाचा एकमेव मोठा मंत्र नुसते ‘वाचला’ म्हणून पुसून टाकण्यात ना कथा आहे ना हिशेब. या मताशी अनेक अनुभवी गेम मास्टर सहमत होणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चौकटीत पाचव्या आवृत्तीच्या विसाव्या पातळीच्या विझार्डला नवव्या श्रेणीचे चार स्लॉट दाखवले आहेत. तो आकडा तिसऱ्या आवृत्तीतला आहे. पाचव्या आवृत्तीत नवव्या श्रेणीचा स्लॉट सतराव्या पातळीला एक मिळतो आणि विसाव्या पातळीलाही एकच राहतो. आठव्याचाही एक, सहाव्या आणि सातव्याचे दोन-दोन, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्याचे तीन-तीन, दुसऱ्याचे तीन आणि पहिल्याचे चार. लेखातले ‘आवाक्याबाहेर’ हे विधान बहुधा याच चौकटीवरून आले असावे. पुढील अंकात तेवढी चौकट दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना गेम मास्टर